मापाचा शर्ट

फ्रेंच कफचा शर्ट घालावा का, त्यात कफलिंक लावून मिरवण्यात काही अर्थ आहे का, असा प्रश्न मला आमच्या होणाऱ्या जावयानं मागच्या महिन्यात विचारला. पोरगा चांगला आहे, पुण्यात नोकरी करतो, मोठ्यांशी जपून बोलतो. साखरपुडा औंढ्याला होता, जेवणाच्या पंगतीत तो माझ्या नवऱ्याच्या शेजारी बसला होता. "काकू, तुम्ही इतकी वर्षं बघताय. घालण्यासारखं असतं का हो ते?" मी तोंड उघडायच्या आत माझ्या नवऱ्यानं उत्तर दिलं. ते उत्तर मी पंचवीस वर्षं ऐकते आहे, पाठ झालेलं आहे. फरक एवढाच की त्या दिवशी ते ऐकायला माझे वडील समोरच्या रांगेत बसलेले होते.

आधी कफाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साध्या शर्टाच्या मनगटाला एक कफ असतो, त्याला बटण असतं, ते लावलं की विषय संपला. फ्रेंच कफ दुप्पट रुंद असतो. तो उलटा दुमडून मनगटावर दुहेरी करायचा, त्याची चारही काजं एकमेकांवर आणायची आणि त्यांतून धातूची एक कडी आरपार घालून आडवी फिरवायची. ती कडी म्हणजे कफलिंक. बटण कुठेच नाही. दिसायला छान दिसतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण आमच्या हिंगोलीतला इस्त्रीवाला तो कफ आजवर एकदाही धड करू शकलेला नाही, म्हणून ती इस्त्री घरी करावी लागते. उन्हाळ्यात मनगटावर कापडाचे दोन थर बसले की संध्याकाळपर्यंत कड काळी पडते, ती ब्रशनं घासावी लागते. शिवाय जेवायचं कसं? वरणभात हातानं कालवून खाणाऱ्या माणसाला आधी कड्या काढाव्या लागतात, बाह्या कोपरापर्यंत साराव्या लागतात. काढलेल्या कड्या कुणीतरी सांभाळायच्या. लग्नाकार्यात माझा नवरा जेवायला बसला की मी त्या मुठीत धरून उभी असते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. डाव्या मनगटाची कडी माणूस उजव्या हातानं लावू शकतो. उजव्या मनगटाची मात्र डाव्या हातानं लागत नाही, निदान माझ्या नवऱ्याला अजून जमलेली नाही. त्यामुळे हा शर्ट एकट्यानं घालायचा नाहीच. घरात दुसरं कुणीतरी असावं लागतं आणि ते रिकामं असावं लागतं. मीटिंगच्या दिवशी सकाळी तो आरशासमोर उभा राहून उजवा हात नुसता बाजूला करतो, वळूनही बघत नाही. मी पोळ्या लाटत असले तर हाताचं पीठ पुसून जाते.

तो औषधांच्या कंपनीत आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा साधा एम.आर. होता, बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसायचा. पण टाय लावायचा. आमच्या भागात तेव्हा टाय लावणारा जावई मिळणं म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून कळणार नाही. मी हिंगोलीच्या कॉलेजात शिकत होते आणि मैत्रिणींना त्याचा फोटो दाखवताना बोट बरोबर त्या टायवर ठेवायचे. त्याच वर्षी कंपनीनं त्याला चांगल्या कामाबद्दल एका डबीत निळ्या खड्याच्या कफलिंक आणि सोबत फ्रेंच कफचा शर्ट दिला. पांढरा, त्यावर केसासारख्या बारीक निळ्या रेघा. मला तो शर्ट आजही स्पष्ट आठवतो, कारण आमच्या घरचं सगळं त्या शर्टानं बिघडवलं. शर्टानं म्हणते मी. सोयीचं पडतं.

बाबा वारंगा फाट्यावर टेलर होते. रस्त्याला लागून टपऱ्यांची रांग, एकीकडे पंक्चरवाला, दुसरीकडे चहावाला, मध्ये आमचं पत्र्याचं दुकान. गिऱ्हाईक सगळं येणारंजाणारं: ट्रकचे ड्रायव्हर, आजूबाजूच्या तांड्यांवरची माणसं, कळमनुरीचे मास्तर. बाबांची नजर अशी होती की ड्रायव्हर गाडीतून उतरून चहाच्या टपरीपर्यंत पोचायच्या आत ते त्याची छाती, खांदा आणि बाही सांगायचे. मग टेप लावायचे आणि मला म्हणायचे, "बघ बाई." आकडा तोच निघायचा. लहानपणी मला ती जादू वाटायची. टेप ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावत असत, असं मला अजूनही वाटतं.

आमच्याकडे नवरदेवाचे लग्नातले कपडे मुलीकडचे करतात. आता माप घ्यायला नवरदेवाला दुकानात उभं करणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांच्या घरून त्याच्या अंगाला बसणारा एक शर्ट येतो. त्याला मापाचा शर्ट म्हणायचं. त्यावरून टेलर सगळं बेतून घेतो आणि तो शर्ट धुऊन, इस्त्री करून, काही उसवलं असेल तर दुरुस्त करून परत पाठवतो. कोट आम्ही नांदेडहून तयार घेतला होता, पण शर्ट बाबाच शिवणार होते. घरात टेलर असताना जावयाला बाहेरचा शर्ट घालायचा म्हणजे लोक काय म्हणतील! कापड त्यांनी महिनाभर आधीच आणून ठेवलं होतं आणि त्याला कुणाला हात लावू देत नव्हते.

माझ्या सासूनं कपाट उघडलं आणि मुलीकडच्यांना आपल्या पोराचा थाट कळावा म्हणून वरचाच, नवाकोरा शर्ट मापाला पाठवला. तोच तो. धुतलेला, कडक इस्त्री केलेला, कफ सरळ उलगडलेले.

बाबांनी तो मशीनवर पसरला, उलटसुलट करून पाहिला. मग मला हाक मारली. "बाई, हे कोण्या टेलरनं शिवलं असंल? दोन्ही अंगानं काजंच करून राहिला, बटण एक बी न्हाई. अन् कफ इतका रुंद काहून?" कफ तसाच उलगडलेला ठेवून त्यांनी टेप लावला. "बाही सत्तावीस येऊन राहिली. मी पोरगं पाह्यलं हाय ना, चहा घेताना हात पाह्यला. चोवीसच्या वर जात न्हाई तो हात. तू एक काम कर, फोन लाव अन् इचार."

फोन म्हणजे चहावाल्याच्या पलीकडचा एसटीडी बूथ. त्याला दार होतं पण ते लागत नसे, आणि लाइन अशी की ओरडल्याशिवाय पलीकडे काही पोचत नसे. बाहेर पाचसहा ड्रायव्हर बाकावर बसलेले. मी रिसीव्हर हातात घेतला. आता मी त्याच्या कंपनीच्या ऑफिसात फोन लावून सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं विचारणार, की तुमच्या शर्टाला बटणं का नाहीत? तो काय म्हणेल? टेलरची पोरगी, आणि टेलरलाच शर्ट कळत नाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बाबांची लाज वाटली. त्यांच्या पत्र्याच्या दुकानाची, 'इचार' म्हणण्याची, गळ्यातल्या टेपची. मी रिसीव्हर खाली ठेवला, थोडा वेळ तिथंच उभी राहिले आणि परत आले.

"इचारलं का?"

"विचारलं. बराबर आहे म्हणाले. याच मापानं शिवा म्हणाले."

"अन् बटणं?"

"तुटली असतील म्हणाले."

बाबांनी शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि खडू उचलला.

सत्तावीसच्या बाहीचे तीन शर्ट त्यांनी शिवले. ती शिलाई आजच्या कोणत्याही मोठ्या दुकानात दाखवा, टाका सापडणार नाही. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मापाचा शर्ट बिनबटणांचा तसाच कसा परत द्यायचा, म्हणून त्यांनी बटणांच्या डब्यातून जुळणारी बटणं शोधली. दोन्ही कफांची एका बाजूची काजं बारीक धाग्यानं अशी बुजवली की ती कधी होती हे कळू नये, आणि वर बटणं लावली. दोन दिवस गेले त्यात. जावयाच्या शर्टातली दुसऱ्या टेलरची चूक आपण गुपचूप दुरुस्त केली, याचा त्यांना आनंद झाला होता. मी बाजूला बसून ते बघत होते. बूथ चालू होता, फाटा तिथंच होता, उठून जाऊन फोन करायला मला दोन मिनिटं लागली असती.

हळदीच्या दिवशी कपडे त्यांच्याकडे पोचले. बुजवलेल्या काजांवर तिकडे किती हसले ते मला नंतर कळलं. लग्नात मुलीकडचेच कपडे घालायचे असतात म्हणून नवरदेवानं बाबांचा शर्ट घातला आणि वर कोट घातला. अंतरपाट खाली आला तेव्हा मला नवऱ्याचा चेहरा दिसलाच नाही, आधी बाह्या दिसल्या. कोटातून चांगल्या तीन इंच बाहेर आलेल्या, बोटांपर्यंत लोंबणाऱ्या. हार घालायला त्यानं हात वर केले तर नुसतं कापड वर आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, नवरदेवाला हातात मोजे काहून घातले?" सगळा मांडव हसला. नवराही हसला. सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो व्याही, आमच्या लेकराचे हात गुडघ्याला लागतात का?"

बाबा अक्षतांचं ताट घेऊन खांबाजवळ उभे होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी हारातली फुलं मोजत होते. मग त्यांनी ताट खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाले, "माझं चुकलं. नजर गेली आता."

तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

मांडव दुकानाच्या समोरच होता; जेवणाच्या आधी ते रस्ता ओलांडून दुकानात गेले, सुईदोरा घेऊन आले आणि नवऱ्यापुढे उकिडवे बसून त्यांनी दोन्ही बाह्या आतून दुमडून टाके घातले. नवरा मित्रांशी बोलत होता. बोलता बोलता त्यानं आधी एक हात पुढे केला, मग दुसरा.

त्यानंतर बाबांनी पुरुषांचा शर्ट शिवला नाही. फाट्यावर थट्टा सुरू झाली होती. पँटचं माप द्यायला आलेला माणूसही म्हणायचा, "मामा, बाही बराबर ठेवजा हं." काही दिवस ते हसले, मग काम घेणंच सोडलं. पुढे बॅगांच्या चेन बदलल्या, साड्यांना फॉल लावले, शाळेचे गणवेश शिवले. गणवेशाचं माप शाळेकडून छापील येतं, तिथं नजर लागत नाही. मी माहेरी गेले की ते दुकानातल्या टेपकडे हात दाखवून म्हणायचे, "आता त्याच्याशिवाय काई सुचत न्हाई बाई." ड्रायव्हर गाडीतून उतरायचा, ते मान खाली घालून चेन लावत बसायचे. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण सांगितलं असतं तर ते नवऱ्याच्या कानावर गेलं असतं, आणि नवऱ्याच्या घरात माझं नुकतंच बरं चाललं होतं. मग मूल झालं, मग शाळा, मग घर बांधणं. अशा गोष्टीला मुहूर्त लागत नाही, एवढंच.

आणि नवऱ्याला मात्र गोष्ट सापडली. डॉक्टरांच्या पार्टीत, नातेवाइकांत, कंपनीच्या नव्या पोरांपुढे तो ती सांगतो. कफलिंक दाखवायच्या आणि सुरू करायचं. "आमच्या सासऱ्यांनी असल्याच शर्टाची काजं बुजवून बटणं लावली होती! आणि मला बाह्या कशा शिवल्या, हत्तीच्या सोंडा!" तो दुष्ट नाही. बाबांना दवाखान्यात न्यायचं तर तोच गाडी काढतो. त्याला ती नुसती हसण्याची गोष्ट वाटते, कारण खरी गोष्ट त्याला मी सांगितलेलीच नाही. मला त्याचा राग येतो, फार येतो, आणि तो राग करायला मला तोंड नाही हे कळतं म्हणून आणखी येतो.

तर औंढ्याची पंगत. बाबा आता पंच्याहत्तरीला आलेत, त्यांना नातीच्या साखरपुड्याला मी हट्टानं आणलं होतं. नवऱ्यानं जेवण झाल्यावर हात धुतले, बाह्या खाली केल्या, डावी कडी स्वतः लावली आणि उजवा हात माझ्यापुढे केला. त्याच वेळी जावयानं तो प्रश्न विचारला. नवरा खूश झाला. "काकूला काय विचारतोस? ते बघ, आमच्या सासऱ्यांना विचार. फ्रेंच कफमधले तेच तज्ज्ञ!" आणि त्यानं सगळं सांगितलं, काजं, बटणं, मोजे, सोंडा. नवे व्याही हसले, विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. बाबाही हसले. जोडलेले हात कपाळाला लावून म्हणाले, "व्हय. माझंच चुकलं तवा."

माझ्या मुठीत ती कडी होती, तिची कड तळव्यात रुतत होती.

"त्यांचं नव्हतं चुकलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "त्यांनी बाही चोवीसची सांगितली होती. मला फोन करून विचारायला पाठवलं होतं. मी फोन केलाच नाही. मला लाज वाटली. मी येऊन खोटं सांगितलं, की बराबर आहे म्हणाले."

पंगतीत वाढणारा जिलबीचं ताट घेऊन थांबला. माझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली. नवऱ्यानं हात तसाच पुढे ठेवून थोडा विचार केला आणि हसायचा प्रयत्न केला. "अगं, पण ते टेलर होते ना? तू काहीही सांगितलंस तरी टेलरला कळायला नको?"

सगळे बाबांकडे बघू लागले. ते धोतराला हात पुसत होते, सावकाश, एकेक बोट.

"कळलं व्हतं," ते म्हणाले. "खडू मारताना बी नजर चोवीसच म्हणून राहिली व्हती. पण लेकरू इचारून आलं म्हणल्यावर त्याच्यावर टेप कोण लावतं?"

जावयाला राहवलं नसावं, तो वाकून म्हणाला, "आजोबा, माझा लग्नाचा शर्ट तुम्हीच शिवा. साधा. बटणांचा. आत्ता घ्या माप."

त्यानं हात पुढे केला. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि मला वाटलं आता आकडा येणार. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"तूच सांग बाई," ते म्हणाले. "किती म्हणू?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ओठांवरचा आकडा धरावा की नाही हे त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि ते विचारत होते. माझ्यासमोर नवऱ्याचा उजवा हात अजून तसाच होता, म्हणून मी त्याच्या कफाची चारही काजं एकमेकांवर आणली आणि कडी लावली.